केसांची पैज

पत्र मी टाइप करून ठेवलं होतं. तीनच ओळी होत्या. कौटुंबिक कारणांमुळे मला अभ्यासक्रम पुढे चालू ठेवणं शक्य नाही, माझं नाव कमी करावं, आभारी आहे, अशा अर्थाच्या. खाली तारीख तेवढी घालायची राहिली होती. इंग्रजीत लिहिलं की खोटंसुद्धा कसं इस्त्री केल्यासारखं दिसतं! ते कौटुंबिक कारण म्हणजे माझी चौदा महिन्यांची मुलगी. आपल्या नावावर काय खपवलं जातंय याचा तिला पत्ता नव्हता. खरं कारण वेगळंच होतं. पीएच.डी.ची पात्रता परीक्षा मी एकदा नापास झाले होते. दुसरी आणि शेवटची संधी मार्चच्या उत्तरार्धात होती. तीही गेली तर विद्यापीठ हातात मास्टर्सची पदवी ठेवून मला नारळ देणार होतं. त्याआधीच आपण होऊन निघून गेलं, तर नापास झाल्याचं कुणालाच कळणार नव्हतं. उलट लेकरासाठी शिक्षणावर पाणी सोडलं म्हणून चार लोक कौतुकच करणार होते.

तोवर मी कशातच नापास झाले नव्हते. नागपूरच्या कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगला आम्ही तीन मुली होतो आणि वर्गात पहिला नंबर माझा असे. त्याचा मला माज होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा आईला पत्रात लिहिलं, "परीक्षा पुढे ढकलली आहे." कुणी ढकलली ते लिहिलं नाही.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात राहत होतो. नवरा डेट्रॉइटच्या एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. विद्यापीठ गाडीनं पाऊण तासावर, बर्फ असलं तर दीड तासावर. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, भारतात फोन लावायचा तर ऑपरेटरला सांगून ताटकळत बसावं लागे, आणि मुलीला सांभाळायला कुणी नव्हतं. म्हणून माझी आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. वय बहात्तर. पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत तिनं जन्मभर गणित शिकवलं होतं. फिकट सुती पातळ, त्यावर माझ्या नवऱ्याचा जुना, टोपीवाला जाड पार्का कोट, पायात लोकरी मोजे आणि मानेवर सुपारीएवढा घट्ट अंबाडा, अशी ती आमच्या अपार्टमेंटात वावरायची. मला अभ्यासाला वेळ मिळावा एवढ्यासाठी ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती. आणि मी मात्र तिच्या जिवावर पोर सोडून ग्रंथालयात जायची आणि खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायची. पत्राचं मी तिला सांगितलं नव्हतं.

समोरच्या अपार्टमेंटात एक जपानी जोडपं होतं. नवरा जपानी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत. बायको माझ्याच वयाची. त्या काळात डेट्रॉइटच्या आसपास जपानी असणं सोपं नव्हतं. जपानी गाड्यांमुळे लोकांच्या नोकऱ्या जात होत्या आणि राग निघायचा तो समोर दिसेल त्या माणसावर. तिला एकदा ग्रोसरीच्या दुकानात कुणी तरी काही तरी बोललं होतं. काय, ते तिनं मला कधी सांगितलं नाही, पण तेव्हापासून ती एकटी बाहेर पडत नसे. आमची ओळख झाली तळघरातल्या कपडे धुण्याच्या मशीनपाशी. तिचं इंग्रजी तुटक आणि माझं पुस्तकी, त्यामुळे आमचं उत्तम जमलं.

या बाईला एकच वेड होतं, कुस्तीचं. बायकांच्या कुस्तीचं. जपानात तेव्हा शाळकरी मुली या पैलवान बायकांसाठी जीव टाकायच्या, त्यांचे फोटो वहीला लावायच्या, सभागृहात जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायच्या. आमची शेजारीण त्यातलीच एक. लग्न झालं, देश बदलला, वेड तेवढं सोबत आलं. ओसाकाहून तिची धाकटी बहीण टीव्हीवरच्या कुस्त्या टेप करून पाठवायची. आमच्याकडे माझ्या भावाच्या लग्नाची कॅसेट भारतातून आली होती, ती अमेरिकन व्हीसीआरवर नुसत्या आडव्या रेघा दाखवायची. जपानची कॅसेट मात्र घातली की चालू. दोन्ही देशांची टीव्हीची पद्धत एकच आहे म्हणे. एवढं वैर असून!

शनिवारी दुपारी दोघींचे नवरे कामावर असत. दोन वाजता ती कॅसेट घेऊन आमच्याकडे यायची, कारण आमचा टीव्ही मोठा होता. तिचा एक कडक नियम होता. कॅसेटबरोबर बहीण निकालांचा कागद पाठवायची, एका बंद पाकिटात. कोण जिंकलं, किती मिनिटांत, कुठल्या डावानं, सगळं त्यात असायचं. ते पाकीट कॅसेट संपेपर्यंत उघडायचं नाही. ती हातात घड्याळ घेऊन बसायची, स्वतःच्या वहीत स्वतः निकाल लिहायची, आणि शेवटी पाकीट फोडून ताळा करायची. एकदा मी सहज म्हटलं, "जस्ट टेल मी, कोण जिंकतं?" तर तिनं पाकीट चक्क मांडीखाली घेतलं.

"नो," ती म्हणाली. "फर्स्ट, वुई सी. देन, वुई नो."

पहिल्या शनिवारी आत्या टीव्हीकडे पाठ करून विणत बसली. "बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतायत आणि तुम्ही चहा कसला पिताय?" दुसऱ्या शनिवारी तिनं खुर्ची जरा तिरकी केली. तिसऱ्या शनिवारी नियम विचारले. मी सांगितलं, दोन्ही खांदे जमिनीला टेकले आणि पंचानं तीनदा जमिनीवर हात आपटला की हरली. तीन व्हायच्या आत खांदा उचलला तर कुस्ती चालू. हे ऐकल्यावर तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "हा पंच आंधळा आहे की लाच खाल्लीय यानं? तिच्या हातात साखळी आहे, दिसत नाही का याला?" पंचाबरोबर ती मोठ्यांदा आकडे मोजायची, "एक! दोन!" आणि माझी मुलगी जमिनीवर दोन्ही हात आपटायची. शेजारीण आत्याला मान लववून नमस्कार करायची आणि आत्या तिला चकल्या द्यायची. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण मीच तिथं उपरी वाटायला लागले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोठं पार्सल आलं. ओसाकाच्या एका मोठ्या सभागृहात झालेला वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, अख्खा. शेजारीण त्या दिवशी दोनच्या आधीच हजर. अंगावर चांगला स्वेटर, ओठांना लिपस्टिक. माझी परीक्षा सोळा दिवसांवर आली होती आणि पत्र सोमवारी टाकायचं मी नक्की केलं होतं. म्हणून त्या दिवशी मी पुस्तकही जवळ घेतलं नव्हतं. आता कशाला?

पहिली कुस्ती नवख्या मुलींची होती. सतरा-अठरा वर्षांच्या, साधे काळे पोशाख, केस बारीक कापलेले. वेळ संपली, घंटा झाली, बरोबरी. आत्या म्हणाली, "दोघींनाही निम्मे निम्मे मार्क." दुसरी दोघी विरुद्ध दोघी. जिंकलेल्या जोडीनं कुस्तीनंतर तिथंच माइक घेऊन गाणं म्हटलं, आणि शेजारीणही खालच्या आवाजात त्यांच्याबरोबर म्हणत होती. तिसऱ्या कुस्तीत एक धिप्पाड अमेरिकन बाई होती. तिला जेमतेम तिच्या खांद्याला लागणाऱ्या जपानी मुलीनं उचलून आपटलं आणि चीत केलं. शेजारणीनं जोरात टाळी वाजवली आणि लगेच भिंतीकडे बघितलं, पलीकडच्यांनी ऐकलं तर नाही ना. आत्यानं मग मुद्दाम आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. चौथी अजिंक्यपदाची. पट्टा जिच्याकडे होता तिच्याकडेच राहिला. शेजारणीनं वहीत सगळं लिहिलं आणि मग पॉझचं बटण दाबलं.

"लास्ट मॅच," ती म्हणाली. "हेअर मॅच." हातानं कात्री चालवल्याची खूण केली, मग डोक्यावरून हात फिरवून दाखवला. जी हरेल तिचे केस तिथंच, सगळ्यांसमोर, रिंगच्या मधोमध मुळापासून काढायचे. अशी पैज.

एका बाजूला मुलींची लाडकी पैलवान होती. सरळमार्गी, हसरी. दुसऱ्या बाजूला तोंड रंगवलेली, साखळी फिरवणारी, केस रानटी पिंजारलेले, अशी दुष्ट बाई आणि तिची टोळी. आता माझं असं, की मी हिंदी सिनेमे बघत वाढलेली. शेवटी दुष्टाचा पराभव होतो यात मला तिळमात्र शंका नव्हती. त्या रंगवलेल्या बाईची खोड मोडणार आणि आत्याला गंमत वाटणार, एवढंच माझ्या डोक्यात. मी हसत हसत म्हणाले, "आत्या, आता बघ हं. त्या भवानीचं मुंडण होणार आहे."

आत्यानं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. मला त्यातही काही दिसलं नाही.

कुस्ती लांबली. लाडकीनं सुरुवातीला तिला दोनदा जवळजवळ चीत केलं होतं, दोनदा पंचानं मोजायला उशीर केला. मग टोळी आत घुसली. पत्र्याचा रिकामा डबा डोक्यात घातला, साखळीनं कपाळ फोडलं. पंच दुसरीकडे बघत होता. ती मुलगी रक्तबंबाळ होऊन पुन्हा पुन्हा उठत होती आणि सभागृहातल्या हजारो पोरी एका सुरात तिचं नाव घेऊन रडत होत्या. शेवटी तिचे दोन्ही खांदे टेकले. एक. दोन. तीन.

शेजारीण उठून उभी राहिली. तिलाही माहीत नव्हतं. पाकीट अजून बंदच होतं.

रिंगच्या मधोमध लोखंडी खुर्ची आणून ठेवली. टोळीतल्या दोघी तिचे दंड धरायला पुढे आल्या. तिनं त्यांचे हात झिडकारले, उठली, भेलकांडत खुर्चीपर्यंत चालत आली आणि बसली. मग केस कापायचं मशीन फिरायला लागलं. केस पुंजक्यापुंजक्यांनी पांढऱ्या कापडावर पडत होते. पोरी किंचाळत होत्या. ती समोर बघत होती.

मी आत्याकडे पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी अंबाडा धरून ठेवला होता.

मला ते माहीत होतं, हेच तर वाईट. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा खेळता खेळता आत्याचा अंबाडा ओढला होता आणि आईनं मला स्वयंपाकघरात नेऊन दटावलं होतं, "आत्याच्या केसांना हात लावायचा नाही. तिला ते उशिरा परत मिळालेत." पुढे कळत्या वयात त्याचा अर्थ कळला. आत्या बालविधवा होती. कोकणातल्या सोवळ्या घरात तिचं केशवपन झालं होतं, आणि दोन-तीन वर्षांनी एका काकांनी तिला तिथून काढून पुण्याला शिकायला नेलं होतं. आमच्या घरात हा विषय कधी, कुणी, एका शब्दानंही काढला नाही. इतका काढला नाही, की मी तो विसरून गेले. आणि हसत हसत तिला म्हणाले, मुंडण होणार आहे, बघ.

"आत्या, बंद करते मी," मी म्हटलं.

"नको," आत्या म्हणाली. "मागे घे."

"आत्या—"

"मागे घे म्हणते ना. ते तीन आकडे मोजतो तिथपासून."

मी शेजारणीला सांगितलं. तिनं टेप मागे घेतली. तीन आकडे, खुर्ची, दोघी दंड धरायला येतात, ती त्यांना झिडकारते, चालत येते, बसते. आत्या पुढे वाकून बघत होती. "पुन्हा," ती म्हणाली. असं तीनदा पाहिलं. केस कापतात ते तिला बघायचंच नव्हतं, दर वेळी तिथं आलं की ती हात वर करायची आणि शेजारीण टेप थांबवायची.

तिसऱ्या खेपेला ती टेकून बसली. "कुणी धरलं नाही तिला," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला दोघींनी धरलं होतं."

एवढंच. काय झालं ते मी शेजारणीला धड सांगूही शकले नाही. ती आत्याच्या पायाशी गालिच्यावर बसून राहिली आणि त्या दिवशी पाकीट उघडायला विसरली.

संध्याकाळी जेवताना कुस्तीचा विषय निघाला. बोलू नको म्हणून मी नवऱ्याकडे बघून डोळे वटारले होते, पण त्याला वाटलं आत्या त्या पोरीच्या रक्तानं घाबरलीय. तो समजूत घालायला गेला. "आत्या, तुम्ही मनावर घेऊ नका हो. ते सगळं फेक असतं. कोण जिंकणार, कोण हरणार, आधीच ठरलेलं असतं. ड्रामा आहे नुसता."

आत्याचा घास हातातच राहिला. "आणि केस?"

"केस... म्हणजे, केस खरेच कापतात. ते कसं फेक करणार?"

"म्हणजे आपण हरणार आणि आपले केस जाणार, हे तिला आधीच ठाऊक होतं?"

"असणारच."

"आणि तरी ती आपल्या पायांनी चालत आली." आत्यानं कढी वाढून घेतली. "तू म्हणतोस तसं असेल, तर मग तर तिची कमालच आहे."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी ताटात बघत होते. मला एकदम फार लाज वाटली. खुर्चीपर्यंत जायला नको म्हणून मी मागच्या दारानं पळायची तयारी करून बसले होते, तेही पोरीच्या आड लपून. आणि माझे तर केसही जाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झोपलेली असताना मी ते पत्र आत्याच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावून तिन्ही ओळी वाचल्या. उलटून मागची बाजूही बघितली.

"इंग्रजी चांगलं आहे," ती म्हणाली. "पण खोटं आहे हे."

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा नापास झाले ते, आईला काय लिहिलं ते, ग्रंथालयात काय करत होते ते. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पास होशील असं वाटतं का?" तिनं विचारलं.

"नाही. पंधरा दिवसांत नाही होणार."

"मग नापास होशील."

"आणि लोक?"

"लोकांचं मला सांगू नकोस, मी लोक पाहिलेत." तिनं पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "मला कुणी काही विचारलं नव्हतं. तुला पाच माणसं समोर बसून विचारणार आहेत. तुझं मत काय, तुला काय येतं. जा आणि उत्तरं देऊन ये. नापास व्हायचं तर तिथं उभं राहून हो, पोस्टानं नको."

मी ते पत्र फाडलं. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी जसा अभ्यास केला तसा त्याआधी कधी केला नाही आणि नंतरही नाही. आत्यानं फ्रिजच्या दारावर कोरे कागद चिकटवले आणि मला त्यावर पेननं लिहून शिकवायला लावलं. पाइपातून वाहणारं पाणी, तापणारी भिंत, रसायन धरून ठेवणारा सच्छिद्र खडा, सगळं मराठीत. ती जुनी गणिताची बाई. "हे उणे कुठून आलं? कळलं नाही. पुन्हा सांग." मी चिडायची, पुन्हा सांगायची, आणि सांगता सांगता कळायचं की मलाच कळलेलं नाही. शेजारीण दुपारी मुलीला घेऊन जायची. एकदा मुलीला कडेवर घेऊन ती एकटीच कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दूध घेऊन आली. कुणाची तरी जिरवल्यासारखी मान ताठ करून परत आली आणि दुधाची बाटली टेबलावर आपटून ठेवली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. आत्यानंही सांगितलं नसणार, भाषाच नव्हती.

परीक्षेच्या दिवशी बर्फ वितळून सगळीकडे राडा झाला होता. मी स्वतः गाडी चालवत गेले. लांब टेबलामागे पाच प्राध्यापक, समोर फळा आणि मी. पहिला तास माझा होता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. दुसऱ्या तासात सगळ्यात म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्या सच्छिद्र खड्याचं गणित घातलं. मी धडाधड मांडत गेले. त्यांनी विचारलं, "आर यू शुअर?" मी म्हणाले, हो. शुअर नव्हते, पण म्हणाले. खड्याच्या पृष्ठभागावर काय घडतं ते मी चुकीचं धरलं होतं. अर्धा फळा भरल्यावर ते माझं मलाच दिसलं. पूर्वीची मी असते तर तिथंच खडू खाली ठेवून दिला असता. मी डस्टर घेतलं, अख्खा फळा पुसला आणि म्हणाले, मी चुकले, पहिल्यापासून मांडते. मांडायला लागले. अर्ध्यावर होते तेव्हा वेळ संपली.

बाहेर बाकावर वीस मिनिटं बसले. माझे मार्गदर्शक बाहेर आले तेव्हाच मला कळलं, कारण माझ्या नजरेला नजर न देता त्यांनी हात पुढे केला. त्यांनी सॉरी म्हटलं. मी विचारलं, "उरलेलं गणित मला दाखवाल का?" ते जरा बावरले. मग आम्ही आत गेलो आणि त्यांनी ते पुरं करून दाखवलं. पुढची बावीस वर्षं मी गावोगावचं पिण्याचं पाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पांवर काढली, आणि ते गणित मला तिथं किती तरी वेळा लागलं. पण त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी नापास झाले होते.

घरी येऊन आत्याला म्हटलं, "नापास." ती म्हणाली, "जेवून घे." जेवले. मग बाथरूमचा नळ सोडून भरपूर रडले. पहिल्या वेळचं रडणं लाजेचं होतं. हे दुःखाचं होतं. मला ते हवं होतं आणि ते गेलं होतं, एवढं साधं. दोन्हींत फार फरक असतो. दुसऱ्यानं माणूस मोकळं होतं.

पुढच्या पंधरवड्यात महाराष्ट्र मंडळाचा पाडवा होता. एका शाळेची कॅफेटेरिया भाड्यानं घेतलेली, भिंतीवर मुलांनी काढलेले ससे, एका कोपऱ्यात झाडूच्या दांड्याची गुढी. साठ-सत्तर माणसं. मुलं इंग्रजीत ओरडत टेबलांखालून पळतायत आणि चक्क्याऐवजी सावर क्रीमचं श्रीखंड. मी, आत्या आणि नवरा एका लांब टेबलाशी बसलो होतो. मंडळातल्या एक ज्येष्ठ काकू श्रीखंडाचं भांडं घेऊन वाढत वाढत आमच्यापाशी आल्या. मनानं चांगल्या, मला बाळंतपणात डबे पुरवणाऱ्या.

"काय गं, पीएच.डी. ड्रॉप केलीस म्हणे?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरं केलंस हो. बेबी लहान आहे. डिग्री काय, नंतर पण होते. फॅमिली फर्स्ट. आमच्या सुनेला सांगते मी, बघ, हिच्याकडून शिक."

टेबलावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सगळ्यांचे चेहरे कौतुकानं भरलेले. तीन ओळींच्या पत्रानं जे मिळणार होतं, ते पत्र न टाकताही माझ्या ताटात आयतं येऊन पडलं होतं. नुसतं हसायचं होतं. नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो कशासाठी ते मला आजही माहीत नाही.

"ड्रॉप नाही केली, काकू," मी म्हणाले. "परीक्षा दिली. दुसऱ्यांदा नापास झाले. म्हणून त्यांनी काढलं."

माझा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पलीकडच्या टेबलावरचंही बोलणं थांबलं. काकूंच्या हातातला डाव भांड्यात तसाच राहिला. त्या माझ्यासाठीच शरमल्या होत्या, बिचाऱ्या.

"अगं, हळू!" त्या म्हणाल्या. "असं कुणी चारचौघांत सांगतं का? घरातली गोष्ट घरात ठेवायची." मग आधार शोधत आत्याकडे वळल्या. "आत्या, तुम्ही तरी समजवा हिला. तुम्ही जुन्या काळच्या. तुम्ही सांगा, काही गोष्टी झाकून ठेवलेल्याच बऱ्या असतात की नाही?"

आत्यानं चमचा खाली ठेवला. पार्का काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग टेबलाला हात टेकून उठली आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "नाही. साठ वर्षं झाकून पाहिलंय मी. बारा वर्षांची होते. नवरा मेला म्हणून दोघींनी मला धरून बसवलं आणि न्हाव्याकडून माझं डोकं भादरलं. आता कुणाला काय विचारायचं ते विचारा."